एव्हरेस्ट बेसकॅम्पला निघालेल्या मुलामुलींच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

जून उजाडला की फोन सुरू होतात. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गटाबरोबर तेरा ते सतरा वयाची दहा-बारा मुलं नेपाळला एव्हरेस्ट बेसकॅम्प ट्रेकला जातात, आणि पुण्यातली त्यांची तयारी करून घेण्याचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. पालकसभेत मी सगळं सांगते, सगळे माना डोलावतात आणि रात्री साडेदहाला पहिला मेसेज येतो, "मॅडम, एक विचारायचं राहिलं." राहिलेलं ते एक दर वर्षी तेच असतं. म्हणून आता लिहूनच ठेवते आहे.

बेसकॅम्प म्हणजे एव्हरेस्ट चढायचा का? वयाची अट असेल ना?

नाही, चढायचा नाही. शिखरावरच्या मोहिमेसाठी नेपाळमध्ये किमान १६ वर्षांची अट आहे. पायथ्यापर्यंतच्या ट्रेकला तशी अट नाही. दोर नाही, बर्फातले काटेरी क्रॅम्पॉन नाहीत. मळलेल्या पायवाटेनं चालायचं आणि रात्री लॉजमध्ये झोपायचं. आजी-आजोबांना हे नीट समजावून सांगा. आमच्या एका मुलाच्या आजीनं "एव्हरेस्ट" एवढंच ऐकून देव पाण्यात ठेवले होते.

किती दिवस, किती उंच?

काठमांडू १,४०० मीटरवर आहे. तिथून छोट्या विमानानं लुक्ला, २,८६० मीटर. पहिला मुक्काम खाली उतरून फाकडिंगला. मग नामचे बाजार (३,४४०) इथे दोन रात्री, त्यानंतर तेंगबोचे (३,८६०), डिंगबोचे (४,४१०) इथे पुन्हा दोन रात्री, लोबुचे (४,९४०), गोरखशेप (५,१६४) आणि बेसकॅम्प ५,३६४ मीटर. जाऊन-येऊन साधारण १३० किलोमीटर आणि लुक्लापासून लुक्लापर्यंत अकरा-बारा दिवस. नामचे आणि डिंगबोचेतल्या जादा रात्री पाहून "हे दोन दिवस वाचवता येतील का?" असं विचारणारे पालक दर वर्षी भेटतात. येणार नाहीत. संपूर्ण कार्यक्रमात सगळ्यात कामाचे तेच दोन दिवस.

तो दर रविवारी सिंहगड चढतो, पाऊण तासात वर असतो. अजून काय पाहिजे?

पाऊण तासात चढतो, याचीच मला जास्त काळजी वाटते.

महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचं सर्वांत उंच टोक म्हणजे कळसूबाई, १,६४६ मीटर. म्हणजे आपला इकडचा सगळा सह्याद्री पालथा घातला तरी नामचेच्या निम्म्या उंचीपर्यंतही आपण पोचत नाही. पाय तयार होतात, दम वाढतो, पण विरळ हवेचा सराव इथे होतच नाही. बेसकॅम्पला श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. त्या हवेशी जुळवून घ्यायला शरीराला दिवस लागतात आणि ते दिवस फिटनेसनं कमी होत नाहीत. उलट धडधाकट मुलगा भराभर पुढे जातो, मुक्कामाला पहिला पोचतो आणि रात्री डोकं धरून बसतो. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, हा नियम पहिलवानालाही लागू आहे.

नेपाळी गाईड दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा जो शब्द म्हणतात तो "बिस्तारै". म्हणजे हळू. आमची मुलं दुसऱ्या दिवशी त्याची नक्कल करतात आणि पाचव्या दिवशी तो खरोखर पाळतात.

मग सराव करायचाच नाही?

करायचा, पण घड्याळ लावून नाही. आम्ही चार महिने आधी सुरू करतो. आठवड्यात चार दिवस पर्वती किंवा वेताळ टेकडी, पाठीवर पाच किलोची सॅक घेऊन, गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं. महिन्यातून एक मोठा दिवस. पावसाळा संपता संपता कात्रज ते सिंहगड. शेवटी एकदा राजगड-तोरणा, लागोपाठ दोन दिवसांचा, कारण दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बूट चढवणं हाच तिकडचा रोजचा कार्यक्रम असतो. उतार मुद्दाम करून घ्या. गुडघे चढताना नाही, उतरताना बोलतात.

डॉक्टरांकडे काय तपासून घ्यायचं?

"फिट फॉर ट्रेक" असा शिक्का मारून आणायला नका जाऊ. बालरोगतज्ज्ञांना ५,३६४ हा आकडा सांगा, मग बोला. हिमोग्लोबिन बघाच, विशेषतः मुलींचं. दमा असेल तर इनहेलर दोन, एक सॅकमध्ये आणि एक लीडरकडे. हृदयाचं लहानपणी काही निघालेलं असेल तर "आता बरं आहे" म्हणून सोडून देऊ नका. आणि कुटुंब विदर्भातलं किंवा नंदुरबार भागातलं असेल, घरात कुणाला सिकलसेल असेल, तर ती तपासणी नक्की करा. नुसता वाहक असलेल्या, एरवी ठणठणीत मुलालाही इतक्या उंचीवर प्लीहेचा गंभीर त्रास होऊ शकतो.

दातांचंही बघून घ्या. ब्रेसेस असतील तर निघण्याआधी तार घट्ट करून घ्या आणि थोडं ऑर्थोडॉन्टिक मेण बरोबर द्या. गोरखशेपला सुटलेली तार गालात टोचत असेल तर तिथे कुणी दंतवैद्य बसलेला नसतो.

डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) आधीपासून सुरू करू का?

ते मी सांगणार नाही, केमिस्टही नाही, तुमच्या मुलाचे डॉक्टर वजन बघून सांगतील. सल्फाची ॲलर्जी असेल तर त्यांना आधी सांगा. गोळी घेतली की बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, कोकची चव फिकी लागते. हे मुलाला माहीत असू द्या, नाहीतर मुंग्या आल्या की तो घाबरतो. गोळी घेतली म्हणून एक मुक्काम गाळायचा, हे मात्र चालणार नाही.

त्याला काही झालं तर तो सांगेल ना?

हा प्रश्न फार थोडे पालक विचारतात. माझ्या मते पहिला हाच विचारायला हवा, कारण उत्तर बहुतेक वेळा "नाही" असं असतं.

चौदा-पंधराचं पोर "मला बरं नाही" असं मित्रांसमोर म्हणत नाही. त्यात तुम्ही निघताना स्टेशनवर सांगितलेलं असतं, "पूर्ण करूनच ये हं!" दोन वर्षांपूर्वी डिंगबोचेत आमचा एक मुलगा जेवायला बसला आणि त्यानं दाल-भाताचं ताट पुढे सरकवलं. आदल्या रात्री त्यानंच दोघांची मॅगी संपवली होती. विचारलं तर म्हणाला, "भूक नाही." डोकं? "नाही दुखत." मी त्याला बुटांची नाडी बांधायला सांगितली. गाठ मारता मारता तो थांबला आणि नाडीकडे बघत राहिला. मग आम्ही त्याला फरशीच्या रेघेवर पावलाला पाऊल लावून चालायला लावलं. तिसऱ्या पावलाला तोल गेला. तेव्हा कुठे बाहेर आलं की डोकं नामचेपासून दुखत होतं आणि बाबांनी दिलेल्या क्रोसिन तो चोरून खात होता. त्याला परत पाठवतील ही भीती.

त्याच रात्री हेडलॅम्पच्या उजेडात सहायक गाईड आणि एक लीडर त्याला घेऊन पांगबोचेला उतरले, चारेकशे मीटर खाली. सकाळी फोन आला तेव्हा साहेब पॅनकेक मागत होते. वेळेत खाली उतरलं की इतका फरक पडतो. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं याचा मी फारसा विचार करत नाही.

म्हणून घरी हे बोला, बॅग भरण्याच्याही आधी. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, वाजवीपेक्षा जास्त थकवा: यातलं काहीही झालं तर त्याच संध्याकाळी सांगायचं. झोकांड्या जाणं, बसल्या जागी धाप लागणं, खोकताना फेस येणं म्हणजे ताबडतोब खाली. आणि मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा की मधून परत आलास तरी आम्हाला चालेल. नुसतं "काळजी घे" म्हणू नका, त्याचा अर्थ मुलांना लागत नाही. पैसे भरलेत हा विषय तर त्याच्यासमोर काढूच नका.

वेदनाशामक गोळ्या मुलाच्या खिशात देऊ नका, लीडरकडे द्या. गोळी हवी असेल तर मागावी लागेल, आणि मागितली की आम्हाला कळेल.

बॅग कोणी भरायची?

त्यानं. तुम्ही पलंगावर बसून बघायचं, आणि बघवत नसेल तर स्वयंपाकघरात जायचं.

फाकडिंगला पहिल्या रात्री एका मुलीला टॉर्च सापडेना. तिच्या आईनं अतिशय सुंदर बॅग भरली होती. प्रत्येक दिवसाची वेगळी पिशवी, वर इस्त्रीच्या घडीसारख्या चिठ्ठ्या: "दिवस ३ – सकाळ". टॉर्च कुठे, हे फक्त पुण्यात ठाऊक होतं. लॉजच्या वायफायचे पैसे भरून व्हिडिओ कॉल लागला, आणि आईनं हजार मैलांवरून सांगितलं, "निळ्या पिशवीत, लोकरीच्या मोज्याच्या आत, डावा मोजा." टॉर्च तिथेच होता. सगळे हसलो. पण पाच हजार मीटरवर उणे तापमानात, बोटं आखडलेली असताना हा खेळ जमणारा नाही.

आमची रीत अशी: निघण्याच्या आधीच्या रविवारी मुलानं सगळं जमिनीवर मांडायचं, फोटो काढून मला पाठवायचा, मग भरायचं, मग पुन्हा सगळं काढून अंधारात भरायचं. हो, दिवे घालवून. दुसऱ्यांदा भरताना चार वस्तू आपोआप कमी होतात.

नेमकं काय काय न्यायचं?

आधी वजन. लुक्लाच्या विमानात सगळं मिळून साधारण पंधरा किलो चालतं. मोठी डफल बॅग पोर्टर नेतो आणि एका पोर्टरकडे दोन मुलांचं सामान असतं, त्यामुळे डफल दहा किलोच्या आतच हवी. तो पोर्टर कधीकधी तुमच्या मुलापेक्षा दोनच वर्षांनी मोठा असतो. हे मी मुलांना बॅग भरण्याआधी सांगते. हेअर ड्रायर बाहेर निघतो. मुलाच्या स्वतःच्या पाठीवर पाच किलोच्या आसपास.

कपडे थरांचे. आत थर्मल दोन जोड, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं डाउन जॅकेट, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. चालायच्या पँट दोन, टीशर्ट तीन-चार, सगळे घाम सुकवणारे. जीन्स नको. सुती बनियन आणि सुती मोजे नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलं की अंगावरच गार पडतं. ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरात गोरखशेपला रात्री उणे दहाच्याही खाली जातं आणि खोल्यांना हीटर नसतो. शेगडी फक्त जेवणघरात, ती याकच्या शेणाच्या गोवऱ्यांवर पेटते आणि नऊच्या सुमारास विझते.

कानटोपी आणि उन्हाची टोपी, दोन्ही. हातमोजे आतले पातळ आणि बाहेरचे जाड. लोकरीचे जाड मोजे तीन, त्यातला एक जोड फक्त झोपायचा, त्याला दिवसा हात लावायचा नाही. गळ्यात बफ, म्हणजे नाकातोंडावर ओढता येणारा गळपट्टा: वाटेवरची धूळ आणि कोरडी हवा यानं तिकडे "खुंबू खोकला" लागतो, तो घरी आल्यावरही आठवडाभर जात नाही. गॉगल यूव्ही अडवणारा, फॅशनचा नव्हे. सनस्क्रीन एसपीएफ ५० आणि लिप बाम. मुलगे सनस्क्रीनला नाकं मुरडतात, मग चौथ्या दिवशी त्याच नाकाची सालं निघतात.

हेडलॅम्प आणि जादा सेल. एक-एक लिटरच्या दोन बाटल्या, त्यातली एक गरम पाणी सोसणारी. रात्री गरम पाणी भरून मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवली की झोप लागते आणि सकाळी पिण्याचं पाणीही गोठलेलं नसतं. नळीची पाण्याची पिशवी वर गोठते. पाणी शुद्ध करायला क्लोरीनच्या गोळ्या. टॉयलेट पेपर, सॅनिटायझर, साबणाचा कागद. झिपलॉक पिशव्या भरपूर, ओल्या-सुक्यासाठी आणि आपला कचरा खाली आणण्यासाठी.

डाउन जॅकेट आणि उणे पंधराची स्लीपिंग बॅग विकत घेऊ नका. काठमांडूत थामेलला दिवसाच्या भाड्यानं मिळतात. वाढतं अंग आहे, पुढच्या दिवाळीला ते जॅकेट धाकट्या बहिणीला होईल. भाड्याच्या बॅगेत घालायला आतलं सुती लायनर मात्र घरचं द्या. पुण्यात जुन्या चादरीचं शिवून घेतलं तरी छान होतं. सुती कापड चालणारी ही एवढीच जागा.

बूट कधी घ्यायचे?

इथे वाढत्या वयाच्या मुलांच्या पालकांचं एक वेगळंच गणित आहे. मोठ्यांना आपण सांगतो, चार महिने आधी घ्या, वापरून मऊ करा. चौदाव्या वर्षी चार महिन्यांत पाय वाढू शकतो. एका मुलाला मे महिन्यात महागडे बूट घेतले, दिवाळीत ते लहान झाले, आणि बिचाऱ्याने सांगितलंच नाही. नामचेहून परत उतरताना दोन्ही अंगठ्यांची नखं काळी झाली.

ऑगस्टअखेर घ्या. संध्याकाळी दुकानात जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. ट्रेकचे जाड मोजे घालून बघा. पुढे बोटभर जागा हवी. दुकानातल्या उतरत्या फळीवर चालायला लावा. अंगठा टोकाला लागला तर तो बूट नको. मग सहा ते आठ आठवडे टेकडी, क्लास, लग्न, जिथे जाईल तिथे तेच बूट. निघायच्या दोन दिवस आधी नखं कापा. आणि विमानात बूट पायातच घालून जा. बॅग हरवली तर सगळं परत घेता येतं, पायाला बसलेले बूट नाही.

नेपाळला व्हिसा लागत नाही, मग आधार कार्ड चालेल ना?

तेराचौदा वर्षांच्या मुलांचं फोटोच्या ओळखपत्रावर भागतं. पण १५ ते १८ या वयोगटात गोची होते. भारतीय प्रौढांना विमानानं नेपाळला जायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आणि मतदार ओळखपत्र अठराच्या आधी मिळत नाही. या वयाच्या मुलांना मुख्याध्यापकांच्या ठराविक नमुन्यातल्या ओळखप्रमाणपत्राची सोय नियमात आहे, पण पहाटे चारला काउंटरवर तो नियम वाचून दाखवण्यापेक्षा पासपोर्ट काढा. पंधरा पूर्ण झालेल्यांना दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. अर्जाला आईवडील दोघांची संमती, जोडपत्र डी, लागते. पालक विभक्त असतील तर हे काम जुलैतच हातात घ्या.

तुम्ही बरोबर नसणार, म्हणून दोघांच्या सह्यांचं, नोटरी केलेलं संमतिपत्र द्या. त्यात लीडरचं नाव आणि तातडीच्या उपचाराला परवानगी असा स्पष्ट उल्लेख हवा. पासपोर्ट फोटो सहा. सगळ्याच्या प्रती एक मुलाकडे, एक लीडरकडे, एक तुमच्या फोनमध्ये. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाच्या परवान्याला सार्क देशांच्या नागरिकांना १,५०० नेपाळी रुपये आणि वर व्हॅट पडतो, इतर परदेशी लोकांच्या निम्मं. पण त्यासाठी तुम्ही भारतीय आहात हे दाखवावं लागतं.

मुलीची पाळी आली तर?

येऊ दे. तारीख नसली तरी येऊ शकते, उंची, थंडी आणि दगदग यानं चक्र मागेपुढे होतं. पॅड दुपटीनं द्या, सोबत काळ्या पिशव्या, पेपर सोप आणि दोन जादा आतले कपडे. वापरलेलं पॅड संडासात टाकायचं नाही. वर पाणी गोठतं, संडास तुंबतो आणि दुसऱ्या कुणाला तरी तो उपसावा लागतो. गुंडाळून लॉजच्या कचऱ्यात. मेन्स्ट्रुअल कप पहिल्यांदा वापरून बघायची ही जागा नव्हे. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या आईनं सुचवल्या म्हणून देऊ नका, डॉक्टरांना उंचीसकट विचारा. आमच्याबरोबर एक बाई लीडर असतेच, आणि हा विषय आम्ही मुलग्यांसमोरही मोकळेपणानं बोलतो. पहिल्या दिवशी ते खाली बघतात, नंतर पाणी गरम करून आणून देतात.

तो खाण्याच्या बाबतीत फार नाटकी आहे.

तिसऱ्या दिवशी नसेल. दाल-भात सगळीकडे मिळतो आणि पोटभर वाढतात, भात-वरण-भाजी पुन्हा पुन्हा. बटाटे, नूडल्स, अंडी, तिबेटी पाव, आणि उंचीला बरं म्हणून सगळे पितात ते लसणाचं सूप. मांस नामचेच्या वर नको. त्या खोऱ्यात धार्मिक श्रद्धेमुळे प्राणी मारत नाहीत, त्यामुळे मांस खालून पाठीवरून चढत येतं, तेही दिवसचे दिवस.

घरचं काय द्यायचं? उंचीवर भूक मरते, आणि तेव्हा ओळखीची चव कामी येते. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर, डिंकाचे नव्हे तर मऊ लाडू (डिंकाचा लाडू थंडीत दगड होतो, एकाचा दात हलला आहे). सगळं मिळून एक किलो. दिवाळी बहुतेक वाटेतच होते, म्हणून एक छोटा डबा फराळाचा चालेल. गेल्या वर्षी डिंगबोचेच्या लॉजवाल्या दीदीनं चकली चाखून रेसिपी मागितली. भाजणी काय ते हिंदीतून समजावताना आमची फे फे उडाली.

पाणी दिवसाला तीन लिटर. घरी बाटली रिकामी करायची सवय लावा.

फोन द्यायचा का? रोज बोलता येईल का?

द्या. पण रोज बोलायचं ठरवू नका. नेटवर्क येतं-जातं, वायफायचे पैसे पडतात, आणि एक दिवस फोन आला नाही की इकडे सहा घरांत जेवण होत नाही. रोजचा एक मेसेज लीडर पालकांच्या गटावर टाकतो, तोच प्रमाण माना. मुलानं फोन केला तर "थंडी आहे का? रडू नकोस हं" असं विचारून त्याला रडवू नका. जेवलास का, डोकं दुखतंय का, एवढं पुरे. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं आहे, तेवढं लक्षात ठेवा.

पॉवर बँक २०,००० एमएएचची पुरते, ती केबिन बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये चालत नाही. रात्री फोन, पॉवर बँक आणि सेल स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं, थंडीनं चार्ज उतरतो. आपले प्लग तिथे बसतात. कुणी काका अमेरिकेहून सॅटेलाइट मेसेंजर घेऊन आले असतील तर तो घरी ठेवा. परवानगीशिवाय तो भारतात बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावर लोक त्यापायी अडकले आहेत.

हातखर्चाला किती?

आम्ही दहा-बारा हजार नेपाळी रुपये सांगतो. १ भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे. चार्जिंग, गरम पाण्याची आंघोळ, वायफाय, चॉकलेट यांचे दर गावागणिक चढत जातात आणि वर सगळं रोख लागतं. काठमांडूतच बदलून घ्या. मोठ्या भारतीय नोटा देऊ नका, शंभराच्या बऱ्या. यातले काही पैसे शेवटी पोर्टर-गाईडना टीप म्हणून बाजूला ठेवायचे, हे मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते नामचेच्या बेकरीत संपतात.

लुक्लाचा विमानतळ धोकादायक आहे म्हणे?

धावपट्टी अवघी ५२७ मीटरची, जवळजवळ बारा टक्के चढाची, एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला दरी. घाबरण्यापेक्षा वाट बघायची तयारी ठेवा: हवा जरा बिघडली की उड्डाण रद्द होतं, आणि ते रद्द करतात हेच चांगलं आहे. म्हणून परतीचं काठमांडू-मुंबई तिकीट दोन मोकळे दिवस सोडून काढतो. गर्दीच्या मोसमात बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात, तेव्हा मध्यरात्री उठून चार-पाच तास गाडीनं जावं लागतं. गाडी लागणाऱ्या मुलांसाठी गोळी आणि पिशवी द्या. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी क्लासची परीक्षा ठेवू नका.

विमा?

हवाच. पॉलिसीत तीन गोष्टी स्वतः वाचा: ट्रेकिंग धरलं आहे का, किती उंचीपर्यंत (५,५४५ मीटरच्या वरपर्यंत हवी, कारण गोरखशेपजवळचा काला पत्थर हा माथा तेवढा उंच आहे), आणि हेलिकॉप्टरनं खाली आणण्याचा खर्च येतो का. एजंट "सगळं कव्हर आहे" म्हणतो, ते ऐकू नका. विमा कंपनीचा चोवीस तासांचा नंबर लीडरकडे द्या. गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून बिलं लावण्याचे प्रकार नेपाळमध्ये उघडकीला आले आहेत, म्हणून तो निर्णय मुलानं किंवा लॉजवाल्यानं नाही, लीडरनंच घ्यायचा.

अभ्यासाची पुस्तकं?

नको. एक छोटी वही आणि पेन्सिल द्या. थंडीत बॉलपेनची शाई चालत नाही. तिकडच्या पाट्या देवनागरीत असतात, मुलं त्या मोठ्यानं वाचत जातात आणि निम्मं नेपाळी आपसूक कळतं. खुमजुंगला १९६१मध्ये हिलरींनी उभी केलेली शाळा आहे, आरामाच्या दिवशी आम्ही नामचेहून तिथे चढून जातो. दगडी वर्गांसमोरच्या मैदानात ३,७८० मीटरवर फुटबॉल चालू असतो. आमची मुलं पाच मिनिटं खेळतात आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहतात.

वाटेत मणी-भिंती लागतात, कोरलेल्या मंत्रांच्या. त्या उजव्या हाताला ठेवून जायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखं. आणि याक किंवा खेचरांचा तांडा समोर आला की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. हे घरीच पाठ करून घ्या.

आणि काही विसरलंच तर?

थामेलला सगळं मिळतं. नामचेतही बहुतेक सगळं मिळतं, जरा महाग: मोजे, टोपी, काठ्या, बॅटरी, अगदी पिझ्झासुद्धा. मिळत नाहीत त्या दोनच गोष्टी: मुलाची नेहमीची औषधं आणि त्याच्या नंबरचा चष्मा. एका मुलाचा चष्मा तेंगबोचेच्या मठाच्या पायरीवर त्याच्याच बुडाखाली गेला आणि त्यानं बेसकॅम्प गॉगलमधून धूसर बघितला. दुसरा चष्मा पुण्यात टेबलावर होता. तो केबिन बॅगेत टाका, आत्ताच.